कललेल्या जहाजावरची टेबलं

आमचं जहाज समुद्राच्या बाजूला कललेलं होतं आणि आम्हाला त्याचं काहीएक वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एके काळी म्हणे हे जहाज महासागर ओलांडायचं. वरच्या डेकवर बँड वाजायचा, बायका लांब झगे घालून नाचायच्या. मी काही ते दिवस पाहिलेले नाहीत. मी इथे कँटीन चालवायला आले तेव्हा इंजिनं काढून विकली होती आणि जहाज धक्क्याला साखळदंडांनी बांधून ठेवलेलं होतं. खाली हॉटेल, वर संग्रहालय, आणि दोन्हीकडे चिटपाखरू नाही. गावातले लोक त्याला 'कलंडी' म्हणायचे. माझ्यासमोर कोणी तसं म्हटलं, तर त्याला मी चहा द्यायची नाही. आम्ही कामाची माणसं जहाजाला बाईसाहेब म्हणायचो. वारा सुटला की, "आज बाईसाहेब कुरकुरतायत," आणि पाऊस झोडपायला लागला की, "बाईसाहेबांचं न्हाणं चाललंय." इतका मान तर मला माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी दिला नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, जहाजावरचा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. माणूस कमी बोलतो, आणि जे बोलतो तेही लाकडाकडे बघून. खालच्या मजल्यावर दोन केबिनमधली भिंत काढून त्याने संसार मांडला होता. वहिनी लवकर गेली. मागे राहिली एवढीशी ठमी. तिला मीच वाढवली, कँटीनच्या कट्ट्याखाली खोक्यात बसवून. ठमी चालायला शिकली ती त्या उतारावरच. पहिल्यांदा गावातल्या सपाट रस्त्यावर सोडली, तर पठ्ठी दोन पावलांत धपकन पडली आणि रस्त्यालाच ओरडली.

तर कललेल्या जहाजावर राहायचं म्हणजे काय, ते दादाकडून शिकावं. टेबल करायचं तर समुद्राकडचे पाय लांब आणि धक्क्याकडचे आखूड, म्हणजे वरची फळी बरोबर सपाट. खुर्चीचं तेच, पलंगाचं तेच, माझ्या कट्ट्याचंही तेच. दारं अशी बसवलेली की हात सोडला तरी जिथल्या तिथे थांबावीत. त्याच्याकडे एक चपटी काचेची बाटली होती, अर्धी पाण्याने भरलेली, पाण्यात निळीचे थेंब. ती फळीवर आडवी ठेवायची, एक डोळा मिटून निळी रेघ बघायची आणि करवत चालवायची. मी एकदा म्हटलं, "अरे दादा, दुकानात सपाटी बघायची लेव्हल मिळते की!"

"दुकानातली लेव्हल दुकानात खरी," तो म्हणाला आणि पुन्हा डोळा मिटून बसला.

आता कंपन्यांचं सांगते. बाईसाहेबांना सजवून, नटवून, तिकीट लावून लोकांना दाखवायचं, असं मनात घेऊन कितीतरी कंपन्या आल्या. एकीने मत्स्यालय करायचं ठरवलं. मोठमोठ्या काचेच्या पेट्या आल्या, मासे काही आले नाहीत. एकीने भुताचं जहाज काढलं आणि आमच्या वॉचमनला पांढरी चादर पांघरून अंधाऱ्या जिन्यात उभं केलं. पहिल्याच दिवशी आरशात स्वतःला बघून तो असा किंचाळला की आलेले चार लोकही पळाले. प्रत्येक कंपनी आल्या आल्या एकच वाक्य बोलायची, "सगळ्यात आधी आपण जहाज सरळ करू." आणि प्रत्येक कंपनी जाताना जहाज होतं तसंच कललेलं असायचं.

पहिल्या कंपनीच्या वेळी दादाने विश्वास ठेवला होता. जहाज सरळ होणार म्हणून अख्ख्या बैठकीच्या खोलीचं सामान त्याने सारख्या पायांचं केलं. काय सुंदर खुर्च्या होत्या! पाठीवर लाटांचं कोरीव काम, हात गुळगुळीत. मग कंपनी रातोरात गाशा गुंडाळून गेली, जहाज हललंही नाही, आणि त्या खुर्च्यांवर बसलेला माणूस शेजारच्याच्या अंगावर घसरायला लागला. शेवटी त्या खुर्च्या फोडून थंडीत शेगडीला लावल्या. दादाने स्वतःच फोडल्या. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर 'सरळ करू' हे शब्द कोणी काढले की तो "हो हो" म्हणायचा आणि बाटली पुसायला घ्यायचा.

आणि मग आली ठमी. जहाजांचं शिक्षण घेऊन, परगावच्या गोदीत नोकरी करून, चांगली ऐटीत डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आली. नव्या कंपनीची इंजिनीअर म्हणून! मला तर धक्क्यावरच रडू फुटलं. दादा म्हणाला, "वाळलीस." त्याच्या हिशेबी एवढं म्हणजे भाषण झालं.

बंदर समितीने या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की हा शेवटचा प्रयत्न. जेवणाचा मोठा हॉल नव्याने उभा करा, समितीला एकदा जेवायला बोलवा. जेवून उठल्यावर समिती हात वर करून ठरवेल. हो म्हणाले तर जहाज कंपनीला दीर्घ कराराने मिळणार, हॉटेल, संग्रहालय, मुलांचं नाटकघर, सगळं होणार. नाही म्हणाले तर टगबोट बोलवून बाईसाहेबांना भंगारात ओढत नेणार. म्हणजे दादाचं घर, माझं कँटीन, वॉचमनची खुर्ची, सगळं त्या एका जेवणावर टांगलेलं.

"आत्या, या वेळी खरंच सरळ करणार आहे," ठमी मला म्हणाली. "पोटातल्या टाक्या गंजून पाणी सगळं एका बाजूला गेलंय. टाक्या बंद करायच्या, पाणी उपसायचं, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं लावायची. अवघड आहे, पण होईल." मग दादाकडे वळून म्हणाली, "बाबा, हॉलची टेबलं सारख्या पायांची करा हं. जेवणाच्या आधी जहाज सरळ झालेलं असेल."

"करतो," दादा म्हणाला.

वर्षभर ठमी बाईसाहेबांच्या पोटात होती आणि दादा हॉलमध्ये. ती संध्याकाळी गंजाने लाल होऊन यायची, तो भुशाने पिवळा. मी दोघांना चहा द्यायची आणि दोघांवर ओरडायची, कारण दोघंही हात न धुता कप धरायचे. हॉल असा काही उभा राहिला की काय सांगू! जुन्या डेकच्या फळ्या तासून केलेली टेबलं, काठाला पितळेची पट्टी, खुर्च्यांना निळी मखमल. मी रोज जाऊन बघायची. बाटली फळीवर असायची, निळी रेघ सरळ असायची आणि मला वाटायचं, वा! ठमीही यायची, फळीवरून हात फिरवायची. परक्या माणसाला लगेच खटकलं असतं की कललेल्या जमिनीवर टेबल सपाट कसं? तिला खटकलं नाही. ती इथेच वाढलेली. टेबल असंच असतं, हे तिच्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेलं.

जेवण रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी ठमीने पंप सुरू केले.

आधी काहीच झालं नाही. मग माझ्या शेगडीवरचं आधण किटलीच्या एका बाजूला जमायला लागलं. मग साखरेचा डबा घसरत घसरत येऊन माझ्या पोटाला लागला. इतकी वर्षं तिरकी लटकणारी दोरी भिंतीला चिकटली. बाहेर साखळदंड करकरले, धक्क्यावरून जहाजावर यायची फळी खाली गेली, धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आम्ही? आम्ही सगळे भिंत धरून उभे! पाय टाकावा तर जमीन भलतीकडेच. वॉचमनला इतक्या वर्षांत वादळात कधी बोट लागली नव्हती, त्याला आज सपाट जमिनीवर लागली. बिचारा कठड्यावर वाकून ओकत होता आणि मधूनच ओरडत होता, "सरळ झाल्या! बाईसाहेब सरळ झाल्या!"

ठमी खालून वर धावत आली. तोंडभर हसू, अंगभर चिखल. तिने मला उचललंच. "आत्या, झालं! चल, हॉल बघू!"

आम्ही जिन्यात असतानाच वरून काचा फुटल्याचा आवाज आला.

आम्ही हॉलच्या दारात पोचलो. रविवारच्या जेवणाच्या तालमीसाठी मांडलेले पेले एकेक करून घसरत होते आणि खाली पडून फुटत होते. जमीन सपाट, आणि झाडून सगळी टेबलं तिरकी. सगळी एकाच बाजूला वाकलेली. खुर्च्याही तशाच. मधोमध दादा उभा होता, हातात बाटली धरून.

ठमीने एका टेबलावर हात ठेवला. मग खाली बसून पाय बघितले. एक लांब, एक आखूड.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही करतो म्हणाला होतात."

दादाने फुटलेली एक काच पायाने बाजूला सारली.

"विसरलात?"

"नाही."

"मग?"

दादाने बाटली खिशात घातली. "सगळेच म्हणतात सरळ करू," तो म्हणाला. "झालं नसतं तर लोक कशावर जेवले असते?"

"सगळे नाही म्हणाले, बाबा. मी म्हणाले होते." तिचा आवाज फाटला. "वर्षभर त्या टाक्यांमध्ये रांगत होते मी. तुमच्याच पायाखाली. आणि तुम्ही वर बसून टेबलं कापत होतात, मला जमणार नाही असं धरून."

 दादा आम्हाला ओलांडून जिना उतरून गेला. जिना आता सरळ, तरी कठडा धरून गेला.

तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. हे साहेब कायम फोनवर असतात, आम्ही त्यांना 'हॅलो' म्हणतो. हॅलोंनी पहिल्यांदाच फोन खाली ठेवला, कपाळाला हात लावला, आणि मग म्हणाले, "पाचरी ठोका. आखूड पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोका, वरून चादरी खालपर्यंत सोडा. रविवार निभावून नेऊ. पुढचं पुढे." वाईट सुचवलं नाही, खोटं कशाला बोलू? ठमीच्या हाताखालचा फिटर, वॉचमन, वाढपी, सगळे पाचरी करायला बसले. ठमी "ठीक आहे" म्हणाली आणि माझ्या कँटीनच्या पायरीवर येऊन रडली. मी जवळ घेतली तर म्हणते, "जहाज सरळ झालं ना आत्या, मग मला इतकं वाईट का वाटतंय?"

आता माझं डोकं फिरलं. हातातला झारा तसाच घेऊन मी खाली दादाच्या सुतारकामाच्या खोलीकडे, म्हणजे त्याच्या 'कारखान्याकडे' गेले. बाहेरूनच सुरू केलं. "दादा! पोरीने गाव, नोकरी सोडून, गंज खाऊन तुझं घर भंगारातून ओढून काढलं, आणि तू इथे तोंड लपवून बसलायस? लाज वाटते का काही? एकदा कोणी फसवलं म्हणून आता पोटच्या पोरीलाही त्याच माळेत ओवणार का? बोल ना! लाकडाशी बोल हवं तर, पण बोल!"

आत बघितलं आणि मी गप्प झाले. म्हणजे मी गप्प झाले, हे माझ्या घरात कोणाला खरं वाटणार नाही.

दादाच्या कारखान्यात छताजवळ एका खुंटीला काहीतरी पोत्यात गुंडाळून टांगलेलं असायचं. जुनं सामान असेल म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. ते पोतं खाली पडलेलं होतं. पहिल्या कंपनीच्या वेळची ती एक खुर्ची होती, लाटांच्या कोरीव कामाची. सगळ्या फोडल्या, ही एक त्याने ठेवली होती. जमिनीवर ठेवली की वाकडी दिसायची, ते बघवायचं नाही, म्हणून टांगून ठेवलेली. आता ती जमिनीवर उभी होती. त्याने बसायच्या फळीवर बाटली ठेवलेली होती.

निळी रेघ अगदी सरळ होती.

"बघ," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "उभी राहिली."

 मी झारा खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो उठला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, भिंतीवरची मोठी करवत काढली आणि निघाला. मीही मागोमाग. जाताना कँटीनच्या पायरीवरून त्याने ठमीला नुसतं "चल" म्हटलं, आणि तीही उठून आली. ठमी रागावली तरी बापाचं "चल" ओलांडत नाही, लहानपणापासून.

हॉलमध्ये ठोकाठोक चालली होती. दादा दारातूनच म्हणाला, "काढा त्या पाचरी."

हॅलो घाबरले. "मिस्त्री, परवा जेवण आहे. आता नवीन काही नको. पाचरी आहेत ते बरंय. समजा जहाज पुन्हा कललं, तर पाचरी काढल्या की झालं."

"तेच म्हणतो मी," दादा म्हणाला. "पुन्हा कललं तर, म्हणून पाचर. मला ती सोय नको." त्याने पहिलं टेबल उलटं केलं, लांब पाय वर आले. खिशातून पेन्सिल काढली. "ठमे, धर तिकडून."

ठमी जागची हलली नाही. "बाबा, एकदा कापलं की परत जोडता येत नाही."

"मला सांगतेस? सुतार मी आहे."

"टाक्या मी स्वतः आत उतरून बघितल्यात. एकेक जोड बघितलाय. पण उद्या काही झालं तर—"

"तर मी नवीन टेबलं करीन. धर."

तिने धरलं. करवत चालू झाली. वर्षभराच्या कामाचा तुकडा ठक्कन जमिनीवर पडला, आणि वॉचमनने उगीचच टाळी वाजवली. मग काय, सगळे लागले. फिटरने दुसरी करवत आणली, वाढपी टेबलं उलटी करून देऊ लागले, मी पाय पॉलिश करायला बसले. हॅलोंनी कोट काढला आणि तुकडे गोळा करायला घेतले, फोन वाजत राहिला तरी उचलला नाही. खुर्च्या शनिवारी झाल्या. बापलेक त्या दोन दिवसांत फारसं बोलले नाहीत. पण मध्येच मी बघितलं, तो तिच्या केसांतला भुसा झटकत होता आणि ती काम न थांबवता मान पुढे करत होती.

रविवारी समिती आली. अध्यक्षबाई उंच, करड्या केसांच्या, चेहऱ्यावरची माशीही हलणार नाही. सगळे बसले. वाढप्यांनी सूप वाढलं, आणि आम्ही दाराआडून सगळे त्या सुपाकडे डोळे लावून. जेवणारे बोलतायत काय, हसतायत काय, कोणाला पडलंय! सूप वाटीत स्थिर होतं. काठाला काठ.

अध्यक्षबाईंनी चमचा ठेवला. वाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लहानपणी आमच्या वडिलांनी मला इथे आणलं होतं. माझं सरबत सांडलं होतं आणि मी मार खाल्ला होता. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही की चूक जहाजाची होती." सगळा हॉल हसला. वॉचमन तर इतका हसला की त्याला बाहेर न्यावं लागलं. फळं खाऊन झाल्यावर हात वर झाले. एक म्हातारे गृहस्थ डुलकी घेत होते, त्यांचा हात शेजारणीने वर धरला. पण तेवढी गरजही नव्हती. बाईसाहेब राहिल्या!

मी ठमीला मिठी मारली, दादाला मारली, चुकून हॅलोंनाही मारली.

मंडळी गेल्यावर आम्ही तिघं माझ्या कँटीनमध्ये चहाला बसलो. मी कप कट्ट्यावर ठेवला आणि तो सुर्र घसरत निघाला. ठमीने झेलला. या सगळ्या धांदलीत माझ्या कट्ट्याचे पाय कापायचे राहूनच गेले होते! "वा रे वा," मी म्हटलं, "समितीसाठी सगळं सरळ, आणि बहीण बसली आहे उतारावर!"

दादा निमूट उठला आणि करवत घेऊन आला. खाली बसला. मी सवयीने त्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. मान वर करून ठमीकडे बघितलं.

"तू सांग," तो म्हणाला. "कुठे कापू?"

ठमीने कट्ट्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि कपाटावरची पेन्सिल घेऊन समुद्राकडच्या दोन्ही लांब पायांवर रेघ ओढली. दादाने ती रेघ तपासली नाही, दुसऱ्यांदा बघितलीसुद्धा नाही. करवत लावली आणि कापलं.

मी कप काठोकाठ भरून कट्ट्यावर ठेवला. चहा हलला नाही. मला मात्र पदराने डोळे पुसावे लागले, आणि मग दोघांना हात धुऊन या म्हणून ओरडावं लागलं.